ड्रायव्हरकडची गरम हवा

अक्षय्य तृतीया जवळ आली की गोरेगावात जुन्या गाड्यांवरच्या ताडपत्र्या निघतात. लग्नाचे मुहूर्त तोंडावर असतात, नवरदेवाची गाडी सजवायची असते, नागपूर-रायपूरकडचे पाहुणे आणायचे असतात आणि नेमका त्याच आठवड्यात एसी दगा देतो. पूर्ण बंद पडला तर माणूस समजून घेतो. अर्धाच चालला तर मात्र त्याचा जीव जळतो. "मिस्त्री, बाईकडे थंड लागते जी, माह्याकडे काहून गरम फेकते?" ही तक्रार आता रोजची झाली आहे. मी या धंद्यात आलो तेव्हा ती कुणी करत नव्हते. दोष तेव्हाही होता, पण त्या जागेवर बसणाऱ्याला कुणी विचारत नव्हते.

गोंदियाहून कोहमाऱ्याला जाणाऱ्या रस्त्यालगत माझे टिनाचे शेड आहे. गाडीचा एसी, दुकानांचे फ्रीझर, कधीमधी घरचा फ्रीज, असे सगळे येते. सुटे भाग नागपूरहून मागवतो आणि पत्त्यात 'जि. गोंदिया' मोठ्या अक्षरांत लिहायला सांगतो, नाहीतर पार्सल मुंबईच्या गोरेगावची लोकल पकडते. धानाचा मुलूख, भोवती तलाव, बोड्या, पलीकडे नागझिऱ्याचे जंगल, असे सांगितले की बाहेरच्या माणसाला हा भाग थंड वाटतो. त्याने मे महिन्यात दुपारी दोन वाजता कोहमारा फाट्यावर उभे राहून बघावे. पारा ४५ च्या आसपास असतो आणि डांबर चपलेला चिकटते. डिसेंबरात याच रस्त्यावर शेकोट्या पेटतात. वर्षाची ही दोन टोके लक्षात ठेवा, पुढे त्यांचे काम आहे.

एसी नव्हता तेव्हा लोक उन्हाशी भांडत नव्हते, त्याला चुकवत होते. वऱ्हाड पहाटे निघायचे आणि ऊन चढायच्या आत मांडवात पोचायचे. जीपच्या पुढच्या बाजूला कॅनव्हासची छागल लटकलेली असायची. कापडातून पाणी झिरपते, वाऱ्याने वाळते आणि आतले पाणी गार होते. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा. घरी खिडकीला वाळ्याचे ताटे, पुढे पंख्याचा कूलर. पाणी वाळताना उष्णता ओढून घेते हे विदर्भातल्या पोरालाही शिकवावे लागत नाही. अमेरिकेतही मोटारीच्या खिडकीला बाहेरून अडकवायचे पाण्याचे कूलर एके काळी विकत मिळायचे, वाळवंटी भागातले लोक ते लावून फिरायचे. आपल्याकडे १९३४ साली मुंबई-पेशावर फ्रंटियर मेलला वातानुकूलित डबा लागला, तो बर्फाच्या लाद्यांवर चालायचा. वितळला की पुढच्या स्टेशनात नवा बर्फ.

कारखान्यातूनच एसी बसवून आलेली पहिली मोटार अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीची, १९४० च्या मॉडेलची. त्यासाठी २७४ डॉलर जादा मोजावे लागायचे. थंड करणारी कॉइल डिकीत बसवलेली, त्यामुळे सामानाला जागा उरायची नाही. कंप्रेसरला क्लच नव्हता आणि डॅशबोर्डवर बटनही नव्हते. एसी बंद करायचा म्हणजे गाडी थांबवा, बॉनेट उघडा आणि पट्टा काढून ठेवा. आज माझ्याकडे कुणी 'बटन जरा कडक झाले' म्हणून कुरकुरतो तेव्हा ही गोष्ट मी त्याला चहाबरोबर ऐकवतो. दोनेक वर्षांत पॅकार्डने तो नाद सोडला. १९५४ साली नॅश कंपनीने सगळे यंत्र गाडीच्या पुढच्या भागात, बॉनेट आणि डॅशबोर्डमध्ये बसवले. आजच्या गाडीतला एसी त्याच वळणाने आला आहे.

आमच्याकडे हा धंदा फ्रीजच्या अंगाने आला. मी फ्रीज, कूलर दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली होतो. नव्वदीच्या दशकात नागपुरात कामठी रोडवर एका उस्तादाकडे गाडीचा एसी शिकायला राहिलो. तेव्हा तिथे येणाऱ्या एसीच्या गाड्यांत अॅम्बेसेडर बऱ्याच. एसी बाहेरून बसवलेला. डॅशबोर्डच्या खाली, मधोमध, एक काळी पेटी लोंबायची आणि तिला गोल जाळ्या. बॉनेटखाली जड कंप्रेसर. पुढे जपानी सँडेनचा पाच दट्ट्यांचा कंप्रेसर आला तेव्हा इंजिनाचा थरथराट कमी झाला.

त्या मधल्या पेटीचा प्रताप असा की ड्रायव्हरचा डावा गुडघा गारठायचा आणि मागे बसलेले साहेब किंवा सेठ घामाघूम व्हायचे. म्हणजे हवा तेव्हाही असमान होती, फक्त उलट बाजूने. तक्रार एकच यायची, 'मागे येत नाही'. तिच्यावर उपाय निघत राहिले: जाळ्या वर वळवा, मागच्या काचांना फिल्म लावा, मधे छोटा पंखा बसवा. ड्रायव्हरचा गुडघा दुखतो हे मी कुठल्याही कार्डावर लिहिलेले पाहिले नाही. ते बिचारे गुडघ्यावर नॅपकिन टाकून गाडी चालवायचे. पुढे मोठ्या गाड्या आल्या तेव्हा मागच्या सीटांसाठी छतात वेगळी कॉइल आणि वेगळा ब्लोअर आला. पैसे देणारा जिथे बसतो तिथे थंडी पोचवायची, हा या यंत्राचा अलिखित नियम आहे. मागे-पुढे फरक पडला की या गाड्यांत तपास सोपा असतो. दोन्ही कॉइलना एकच कंप्रेसर गॅस पुरवतो, पण तो आत सोडणारे एक्स्पान्शन व्हॉल्व्ह दोघींचे वेगळे. पुढे गार आणि मागे गरम असेल तर कंप्रेसरला हात लावायच्या आधी मागचा व्हॉल्व्ह आणि मागची जाळी बघायची.

दरम्यान मारुती. १९८३ च्या डिसेंबरात पहिली ८०० रस्त्यावर आली. १९८५ साली सुझुकी आणि डेन्सो या जपानी कंपन्यांच्या भागीदारीत सुब्रोस उभी राहिली आणि गाडीचा एसी देशात मोठ्या प्रमाणावर बनू लागला. आमच्या भागात या गाड्या आल्या त्या बहुतेक दुसऱ्या हाताच्या, नागपूर, भिलाई, रायपूरकडून. मास्तर, ग्रामसेवक, कृषी केंद्रवाले, राइस मिलवाल्यांची पोरे, सगळ्यांनी गाडी घेतली आणि ड्रायव्हर ठेवला नाही. मालक स्वतः स्टिअरिंगवर बसला.

आणि तक्रारीने बाजू बदलली.

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे. थंड करणारी कॉइल बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांत डावीकडे, डॅशबोर्डच्या कप्प्यामागे. डावीकडच्या जाळीला हवा वीतभर अंतरावरून मिळते. उजव्या टोकाच्या जाळीपर्यंत तिला डॅशबोर्डच्या पोटातून, इंजिनाने तापलेल्या पत्र्याला घासत जावे लागते. त्यात प्लास्टिकच्या नळीचा सांधा सुटला असेल तर निम्मी हवा वाटेतच सांडते. म्हणजे चांगल्या गाडीतही उजवीकडे दोनेक अंशांनी कमी गार लागावे, हे मांडणीतच आहे. पगारी ड्रायव्हरच्या अंगावर ती हवा येत होती तोवर तो 'गाडीचा स्वभाव' होता. मालकाच्या अंगावर आली आणि 'फॉल्ट' झाला.

उस्तादाचे शिक्षण हाताचे होते. दाबाचे गेज टांगलेले असायचे, पण ते शेवटी. गाडी चालू करून एसी लावायचा, बॉनेट उघडायचे, एक हात जाड पाइपवर आणि एक बारीकवर. जाड पाइप गार आणि घाम आलेला हवा. बारीक कोमट. गॅसमधली ओल शोषणाऱ्या ड्रायरच्या दोन तोंडांना दोन बोटे लावायची. दोन्ही तोंडे सारखी कोमट लागली तर ठीक, आत जाताना गरम आणि बाहेर येताना गार असेल तर ड्रायर आत चोक. पाइपावर एखाद्या जागी दव गोठलेले दिसले तर अडथळा तिथेच. मग कान. क्लच 'टक्' करून पकडतो आणि सोडतो. दर दहा-बारा सेकंदांनी टक्-टक् चालले असेल तर बहुधा गॅस कमी. हे सगळे झाल्यावर आत बसायचे आणि दोन तळवे एकाच वेळी दोन टोकांच्या जाळ्यांवर ठेवायचे. एकाच हाताने आधी इकडे मग तिकडे बघितले की उस्ताद मागून टपली मारायचा. तळहात थंड झाला की खोटे बोलतो, असे त्याचे म्हणणे होते आणि ते खरे आहे.

गळती शोधायला त्याच्याकडे एक दिवा होता. हॅलाइड टॉर्च म्हणतात त्याला. बारीक निळी ज्योत, तिच्यात तांब्याची चकती आणि खालून एक रबरी नळी. ती नळी पाइपाच्या सांध्यासांध्यावरून फिरवायची. जिथे गॅस निसटत असेल तिथली हवा नळीतून ज्योतीत जाते आणि ज्योत हिरवी होते. संध्याकाळी शेडचे दिवे मालवून आम्ही हे काम करायचो, हिरवा रंग अंधारात चटकन दिसतो म्हणून. गॅस ज्योतीत तापून मोडला की त्यातून फॉस्जीन तयार होते, म्हणजे पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांवर सोडले तेच विष, हे मला फार पुढे कळले. उस्तादाला एवढेच माहीत होते की ज्योत हिरवी झाली की तोंड फिरवायचे.

ज्योत हिरवी होते ती क्लोरीनमुळे आणि याच क्लोरीनने पुढे सगळा धंदा उलटापालटा केला. तो गॅस आर-१२, लोक त्याला फ्रिऑन म्हणायचे. थॉमस मिजली नावाच्या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने साथीदारांबरोबर तो शोधून काढला. १९३० साली भर सभेत त्याने तो छातीभर ओढला आणि फुंकून मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि पेट घेत नाही, दोन्ही एका फुंकरीत सिद्ध. याच माणसाने त्याआधी पेट्रोलमध्ये शिसे घालायची युक्ती काढली होती. भारतात ते शिसे २००० साली बंद झाले. त्याची दोन्ही लेकरे माझ्या शेडमध्ये येऊन गेली म्हणायची.

१९७४ साली मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी लिहून ठेवले की हा क्लोरीन वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९८७ च्या १६ सप्टेंबरला माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला आणि १ ऑगस्ट २००८ पासून आपल्याकडे दम्याच्या फवाऱ्यांसारखे औषधी काम सोडून या गॅसांचे उत्पादन थांबले. गोरेगावच्या शेडमध्ये हे सगळे एकाच रूपात पोचले: सिलिंडर महाग झाला. त्याच्या जागी आर-१३४ए. त्यात क्लोरीन नाही, त्यामुळे उस्तादाचा दिवा आंधळा झाला. आता साबणाचा फेस, नाहीतर गॅसबरोबर सोडायचा रंग आणि जांभळा दिवा. तेल वेगळे, रबराच्या रिंगा वेगळ्या, भरायची तोंडे वेगळी. जुन्या गाडीत जुन्या तेलावरच नवा गॅस भरणारे पुष्कळ निघाले. नवा गॅस जुन्या खनिज तेलात मिसळत नाही. तेल कोपऱ्यात पडून राहते आणि कंप्रेसर कोरडा घासतो. त्या वर्षांत भंगारात गेलेले कंप्रेसर सँडेनचा दोष म्हणून गेले, दोष भरणाऱ्याचा होता.

पण सर्वांत मोठा बदल डोळ्यांचा. आर-१२ च्या ड्रायरवर एक काचेचा डोळा असायचा. गॅस कमी असला की त्यात बुडबुडे दिसायचे, पुरेसा झाला की काच स्वच्छ. एखादे नवखे पोरगेही बुडबुडे थांबेपर्यंत गॅस भरू शकायचे. १३४ए मध्ये त्या काचेवर भरवसा ठेवता येत नाही आणि पुढच्या गाड्यांत तर ती काचच नाही. हा गॅस तोलून भरायचा असतो. छोट्या गाडीत तो सारा मिळून अर्धा किलोच्या आसपास, त्यात शंभर ग्रॅम कमी म्हणजे पाचवा हिस्सा गेला. काटा विकत घ्यायला पैसे लागतात आणि गाडीतला जुना गॅस पूर्ण काढून, व्हॅक्यूम मारून, पुन्हा मोजून भरायला तासभर जातो. त्यापेक्षा वरून 'टॉप-अप' मारणे सोपे. गिऱ्हाइकालाही तेच पटते, सिलिंडर दिसतो, फुस्स आवाज येतो, पैसे कशाचे दिले ते कळते. अशा रीतीने एसीचा मिस्त्री हळूहळू गॅस भरणारा झाला.

आता गॅस कमी पडला की एकीकडेच गरम का लागते, ते. आमच्या माणसाला मी बांधीचे उदाहरण देतो. पाटाला पाणी कमी सोडले की तोंडाजवळच्या बांध्या भरतात आणि शेवटची कोरडी राहते. कूलिंग कॉइलचेही तसेच. द्रव गॅस एका टोकाने आत शिरतो आणि उकळत, उष्णता ओढत पुढे सरकतो. पुरेसा असेल तर शेवटच्या नळीपर्यंत उकळत जातो. कमी असेल तर वाटेतच संपतो. पुढच्या नळ्यांत नुसती वाफ, ती काही ओढत नाही. कॉइलच्या त्या भागातून आलेली हवा गरमच राहते आणि ती ज्या जाळीकडे जाते तिकडचा माणूस ओरडतो. शेतकरी हे ऐकून लगेच मान हलवतो. मग त्याचा दुसरा प्रश्न: "पर गॅस गेला कुठं जी? मागल्या उन्हाळ्यात तं भरला होता."

तो गेला थंडीत. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा संपल्या की एसीला कुणी हात लावत नाही, थेट होळीपर्यंत. कंप्रेसरच्या दांड्यावर एक सील असते. यंत्र फिरते तेव्हा गॅसबरोबरचे तेल तिला ओले ठेवते. तीन-चार महिने न फिरता पडली की ती सुकते आणि गॅस थोडा थोडा निसटतो. मार्चात बटन दाबले की थंड येते, माणूस खूश. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कमी पडलेला गॅस उघडा पडतो. मुंबईत, जिथे डिसेंबरातही एसी लावतात, तिथे ही तक्रार इतकी हंगामी नसावी. इथे ती लग्नसराईबरोबर येते. उपाय फुकट आहे, थंडीतही महिन्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवायचा. मी सांगतो, लोक हसतात. डिसेंबरात एसी लावणारा माणूस बायकोला काय उत्तर देणार?

सगळेच काही गॅसवर ढकलता येत नाही. दिवाळीच्या सुमारास धान निघते. मळणी यंत्रे, राइस मिली, रस्त्यावर उडणारा कोंडा आणि भुसा. तो ब्लोअरमधून आत ओढला जातो, ओल्या कॉइलवर बसतो आणि तिथेच वाळून पापडी धरतो. जुन्या गाड्यांत हवेचा फिल्टरच नसायचा. कॉइलचा एक भाग बुजला की हवा दुसऱ्या भागातून जाते आणि पुन्हा एकीकडे वारा, एकीकडे फुंकर. उंदीर तर आहेतच. ब्लोअरच्या घरात धानाच्या लोंब्या, शिवणकामाच्या चिंध्या आणि त्यात गुलाबी पिल्ले, असा संसार मी बाहेर काढला आहे. अशा वेळी मी उदबत्ती लावतो. एकेका जाळीसमोर धरली की धूर किती जोराने आणि कुठे ढकलला जातो ते दिसते. धूर दोन्हीकडे सारखा ढकलला जातो आणि तरी एक बाजू गरम, तर वारा ठीक आहे, उष्णता दुसरीकडून शिरते आहे. धूरच एकीकडे लोळला, तर आधी कोंडा शोधा.

उष्णता दुसरीकडून शिरते म्हणजे काय, ते एका गुरुजींच्या गाडीत नीट दिसले. पंधरा वर्षांची सेडान, निगा चांगली, सीटवर पांढरी कव्हरे. मे महिना, दुपार. दोन ठिकाणी गॅस भरून झालेला आणि गुरुजी भडकलेले. डावीकडच्या जाळीत थर्मामीटर खुपसला तर ९, उजवीकडे १९. दहा अंशांचा फरक काही नळीच्या लांबीने पडत नाही. गेज लावले. निळा काटा चाळिशीत, लाल पावणेतीनशेच्या आसपास. त्या उन्हात ते तिथेच हवेत. तरीही सगळा गॅस काढून तोलला. वजन बरोबर निघाले, म्हणून तेवढाच परत भरला. उदबत्तीचा धूर दोन्हीकडे सारखा.

मग बॉनेटखाली, इंजिनाच्या मागच्या पत्र्यातून आत जाणाऱ्या दोन रबरी नळ्या धरून बघितल्या. दोन्ही चटका देणाऱ्या. हीटरच्या नळ्या त्या. इंजिनाचे गरम पाणी डॅशबोर्डच्या आतल्या छोट्या रेडिएटरमधून त्या फिरवतात. थंड हवा हवी असते तेव्हा एक फ्लॅप त्या रेडिएटरवर झाकण धरतो. पाणी मात्र या गाडीत बारा महिने फिरतच असते. जुन्या मारुतीसारख्या गाड्यांत पाणीच बंद करणारा कॉक असायचा, केबलीने चालणारा. तो गंजून अर्धा उघडा राहायचा, ती वेगळी कथा. इथे कॉक नाही, सगळी भिस्त फ्लॅपवर. मी एक चिमटा घेतला आणि आत जाणारी नळी दाबून बंद केली. गुरुजींना म्हटले, पाच मिनिटे हात जाळीवर ठेवा. चौथ्या मिनिटाला ते म्हणाले, "उतरले न!" थर्मामीटर ११ वर.

कप्पा उतरवून, बारीक दिवा आत घालून बघितले तेव्हा फ्लॅपच्या कडेचा फोम पंधरा उन्हाळ्यांनी पीठ झालेला दिसला. फ्लॅप बसत होता, पण उजव्या कडेला बोटभर फट. तिथून रेडिएटरची ऊब नेमकी उजव्या नळीत. तो फोम बदलायचा म्हणजे सगळा डॅशबोर्ड उतरवायचा, दोन दिवसांचे काम आणि जुने प्लास्टिक उतरवताना चार ठिकाणी तुटणार. मी नळीत पितळी कॉक टाकून दिला. होळीला बंद, दिवाळीला उघडा. गुरुजींना शाळेच्या घंटेसारखे वेळापत्रक मिळाले, ते खूश.

पैसे देताना मात्र बोलाचाली झाली. "गॅस तं भरलाच नाही तुम्ही, मंग एवढे कशाचे?" माझ्या धंद्याचा सगळा घोळ त्या वाक्यात आहे. गॅस भरला, गाडी धाडली, फरक तसाच राहिला, तर पैसे मिळतात. दोन तास शोधले, दोष पकडला, तर शोधण्याचे पैसे द्यायला जिवावर येते. तेव्हापासून शेडमध्ये पाटीवर 'तपासणी' वेगळी लिहिली आहे. काही गाड्या ती पाटी वाचून वळवून नेतात. नेऊ द्या.

आता माझ्याकडे 'जुनी गाडी' म्हणून जी येते तिला दोन बाजूंना दोन तापमाने लावायची सोय असते. फ्लॅप केबलीवर नाही, छोट्या मोटरींवर. मोटरीच्या प्लास्टिकच्या दात्यांतला एक तुटला की ती करकर करत जागच्या जागी फिरते. डॅशबोर्डला कान लावला तर ऐकू येते. कधी बॅटरी बदलल्यावर मोटर आपले टोक विसरते, स्कॅनर लावून ते पुन्हा शिकवावे लागते. माझा पुतण्या हे काम झटपट करतो. स्कॅनरने दोष दाखवला नाही की मग तो दोन्ही तळवे जाळ्यांवर ठेवतो, ते मी शिकवले आहे. गॅसही पुन्हा बदलतो आहे. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत १३४ए चालत नाही, ओझोनसाठी नव्हे, हवा तापवतो म्हणून. आपल्याकडे माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीप्रमाणे अशा गॅसांवर २०२८ पासून मर्यादा येईल. म्हणजे पुन्हा नवी तोंडे, नवा काटा, नवे उधार.

शेवटी गाडी येते ट्रकवर. साडेतीन टनांवरच्या मालट्रकांत केबिनला एसी असलाच पाहिजे, असा नियम केंद्र सरकारने केला, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांना तो लागू. मुंबई-कोलकाता महामार्ग कोहमाऱ्यावरून जातो, तेव्हा असे ट्रक आता या बाजूलाही दिसतात. मुर्दोलीच्या जंगलातून गोंदियाकडे धान भरायला निघालेला एक ट्रक शेडसमोर थांबला. ड्रायव्हर छत्तीसगडकडचा, एसी चालत नाही म्हणाला. मी सवयीने पाइपांना हात लावला, क्लचकडे बघितले, क्लच पकडतच नव्हता. पुतण्याने फ्यूजची पेटी उघडली. एसीच्या फ्यूजची जागा रिकामी, जळलेला नव्हे, काढलेला.

"मालिक ने निकाला होगा," ड्रायव्हर म्हणाला, "डीज़ल खाता है बोलते हैं."

पुतण्याने फ्यूज बसवला. दोन्ही जाळ्यांतून सारखी थंड हवा आली, नवी गाडीच ती. पैसे विचारले, मी दहा रुपये सांगितले. त्याने वीस दिले आणि एक फ्यूज खिशात ठेवायला मागितला.